सातव्या प्रश्नापाशी चार मिनिटं

“चौसष्टपैकी एकसष्ट नापास, आणि तुम्ही म्हणताय थांबा?”

“थांबा नाही म्हटलं, साहेब. बघा म्हटलं.”

“काय बघू? सातवा प्रश्न, उत्तर चूक. सातवा प्रश्न, उत्तर चूक. पार खालपर्यंत तेच रडगाणं आहे.”

“उत्तराच्या शेजारी वेळ दिलीय. ती बघा.”

“वेळेला मार्क नसतात, बाई.”

“म्हणूनच तिच्याकडे कोणी बघत नाही.”

“बाई, शुक्रवार! शुक्रवारी पाचला यादी वर जाणार. नापास माणसाला नव्या मशीनवर उभं करता येत नाही. तो नियम मी केलेला नाही.”

“मग ती एकसष्ट माणसं कुठे जाणार?”

“जुनं मशीन निघालं की त्यांचं कामही गेलं. बाहेरून माणसं आणतील. ते माझ्या हातात नाही.”

“यादी तुमच्या हातात आहे.”

“आणि धडा तुमच्या! धडा तुमचा, प्रश्न तुमचा, नापास ते झाले. माझ्यावर कशाला चिडताय?”

हे मात्र वर्मी लागलं. टेबलावरचा कागद आत्याने उचलला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि दारात उभ्या असलेल्या मला म्हणाली, “चल गं. चहा पिऊ.”

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते. सात देशांत सात कारखाने आणि सातही ठिकाणच्या कामगारांसाठी ऑनलाइन धडे मात्र आमच्या या एका खोलीत तयार होतात. खोलीला एकच खिडकी, तीही माल चढवण्याच्या धक्क्याकडे उघडणारी. बाहेर ट्रक मागे सरकायला लागला की आतलं रेकॉर्डिंग थांबवावं लागतं. धड्यांतल्या पात्रांचे आवाज मी काढते. नाटक शिकले, तालमी केल्या, मग घरबसल्या वाट बघत बसले होते. तेव्हा आत्याच म्हणाली, “ये आमच्याकडे. पात्रं आहेत, संवाद आहेत. टाळ्या नाहीत, पण पगार वेळेवर.”

आत्या स्वतः एकोणिसाव्या वर्षी इथे खोकी घडी करायच्या टेबलावर लागली. पुढे पुठ्ठा कापणाऱ्या पातीच्या मशीनवर गेली, आणि तिथून नव्या बायकांना शिकवायला. तिच्या शिकवण्याची पद्धत साधी होती. शेजारी उभं राहायचं आणि बाईचं मनगट हलकं धरायचं. “मनगट ताठ असलं की समजायचं, हिला कळलेलं नाही, नुसती मान हलवतेय. मग परत सांगायचं.” कंपनीने शिकवणं स्क्रीनवर नेलं, तेव्हा तिला पन्नाशी लागली होती. महिनाभर ती कॉम्प्युटरसमोर बसून एकच वाक्य बोलायची, “आता मनगट कुठे शोधू?”

तिला प्रश्न पडतात. हा तिचा लहानपणापासूनचा आजार, असं बाबा म्हणतात. घरातल्या एका लग्नात ती अख्खी संध्याकाळ खुर्च्या मांडणाऱ्या माणसापाशी उभी होती. इतक्या खुर्च्या रांगेत लावताना तो दोरी धरतो की नुसत्या नजरेने लावतो, हे तिला जाणून घ्यायचं होतं. जेवायचं राहिलं, फोटोत ती नाही, पण खुर्च्यांचं गुपित तिला कळलं. (नुसत्या नजरेने. आणि प्रत्येक दहावी खुर्ची जरा पुढे, म्हणजे मोजायला सोपी.) समोरचा थांबला की ती फक्त एक शब्द टाकते, “मग?” माणूस पुन्हा बोलायला लागतो.

तर कँटीनमध्ये तिने तो कागद चहाच्या कपाखाली सपाट केला.

“हे बघ. पहिला प्रश्न, वीस सेकंद. दुसरा, अठरा. सहावा, बावीस. आणि सातवा?”

मी वाचलं. “चार मिनिटं.”

“पुढचा?”

“तीन मिनिटं पन्नास. चार मिनिटं दहा. आत्या, सगळेच चार मिनिटांच्या आसपास आहेत.”

“ज्याला कळत नाही तो चार मिनिटं बसतो का गं? तो टिचकी मारतो आणि सुटतो. ही माणसं बसून काय करत होती?”

रकान्यावरून तिचं बोट हळूहळू खाली सरकत होतं. मला वाटलं, तिला मनगट सापडलं.

सातवा प्रश्न असा होता. चित्रात एक वयस्कर कामगार, सगळे त्यांना काका म्हणतात. मशीन बंद आहे. पातीवरची लोखंडी जाळी काढून बाजूला ठेवलेली आहे आणि काका जाळी न लावताच मशीन सुरू करायच्या बेतात आहेत. शेजारी एक तरुण मुलगी. तिने काय करावं? एक, काकांना थांबवून त्यांची चूक सांगावी. दोन, सुपरवायझरला बोलवावं. तीन, काही न बोलता आपलं काम करत राहावं. बरोबर उत्तर पहिलं, दुसरं चालवून घेऊ, तिसरं दिलं की अख्खी परीक्षा नापास. परदेशातल्या त्या एका कारखान्यात एकसष्ट जणांनी तिसरं निवडलं होतं.

“सरळ आहे,” मी म्हटलं. “घाबरतात मोठ्यांना.”

“असेल. पण घाबरायला चार मिनिटं?” तिने कप बाजूला ठेवला. “विचारूया.”

“कोणाला?”

“त्यांनाच.”

यात नवीन काय, असं कोणालाही वाटेल. पण आमच्या खोलीत चार वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं. धडे जायचे, मार्क यायचे, मार्कांचे तक्ते व्हायचे. त्या तक्त्यांच्या पलीकडे तोंडं आहेत हे आम्ही विसरलो होतो. आत्यासुद्धा. ते तिने जिन्यात स्वतःच बोलून दाखवलं, आणि कपाळावर एक चापट मारून घेतली.

बुधवारी सकाळी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक लांबट खोली दिसली. बाकावर आठ माणसं, हात गुडघ्यांवर, फोटो काढायला बसल्यासारखी. पुढे मधोमध पांढऱ्या भुवयांचे एक आजोबा. बाजूला तिथल्या ऑफिसातली कारकून बाई. तिला दोन्ही भाषा यायच्या, म्हणून दुभाषी ती. तोंडाने फटकळ आणि हाताने सारखी ओढणी सावरणारी.

“विचारा,” दुभाषी म्हणाली. “पण आधीच सांगते, सगळे घाबरलेत. नापास झाल्याचं कळलंय. एकाच्या बायकोने सामान बांधायला घेतलंय.”

मला वाटलं आत्या विचारेल, तिसरं उत्तर का दिलंत? तिने ते विचारलंच नाही.

“त्यांना विचार, गोष्टीतली ती मुलगी त्यांना कशी वाटली?”

दुभाषीने विचारलं. आठही जणांनी आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी छताकडे पाहिलं. मग मागच्या रांगेतली एक बाई तोंडावर हात ठेवून काहीतरी बोलली आणि अख्खा बाक हलला.

“काय म्हणाली?”

“जाऊ द्या.”

“अगं सांग ना.”

“म्हणतात,” दुभाषीने घसा साफ केला, “त्या मुलीच्या घरी मोठं कोणी नाही का?”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी पायांकडे. कारण पर्याय निवडण्याआधी ऐकवले जायचे, आणि पहिल्या पर्यायातली ती मुलगी मी होते. तिथल्या भाषेतलं रेकॉर्डिंग तिथल्याच एका मुलीने केलं होतं, पण ते माझं ऐकून ऐकून, माझाच सूर लावून. आणि मी तर शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा खणखणीत सूर लावला होता! “काका, थांबा! जाळी लावलेली नाही! हे नियमाच्या विरुद्ध आहे!” रेकॉर्ड करताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

“अजून काय म्हणतात?” आत्याच्या डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

“म्हणतात, चार माणसांसमोर त्या म्हाताऱ्याला असं ओरडली. तो उद्या कामावर कोणत्या तोंडाने येईल?”

“मग?”

“मग काय? म्हणून पहिलं उत्तर नको. दुसरं तर त्याहून वाईट, ती चुगली झाली. तिसऱ्यातच फक्त म्हाताऱ्याला कोणी काही बोलत नाही.”

“म्हणजे म्हाताऱ्याचा हात गेला तरी चालेल?”

हे दुभाषीने भाषांतर केलं आणि बाकावर एकच गलका झाला. आठही जण एकदम बोलायला लागले. आजोबा तर उभेच राहिले.

“एकेक! एकेक!” दुभाषी ओरडली. “हो हो, सांगते. बाई, हे चिडलेत. म्हणतात, हात कसा जाईल? आम्ही काय मेलोय का तिथे?”

“मग ते काय करतील? सांगू नका म्हणावं. करून दाखवा.”

आजोबांनी तरुणांपैकी एकाला खूण केली. बाकाचं मशीन झालं. आजोबा काका झाले, म्हणजे जे होते तेच झाले. जाळी म्हणून कोणीतरी जेवणाच्या डब्याचं झाकण दिलं. आजोबा बाकासमोर उभे राहिले, बटण दाबायचा आव आणला. तो तरुण झाकण घेऊन आला. चालही अशी, की वाटेत सहज सापडलं म्हणून आणलं. त्याने ते दोन्ही हातांनी आजोबांच्या हातात दिलं, मान किंचित खाली, आणि दोनच शब्द बोलला.

“काय म्हणाला?”

“तुमची जाळी.”

“एवढंच?”

“एवढंच.”

आत्या खुर्चीच्या अगदी कडेवर आली होती. “आणि त्यांनी नाही लावली तर? ठेवली बाजूला, तर?”

आजोबांना प्रश्न कळला असावा, कारण त्यांनी लगेच झाकण बाजूला ठेवून दिलं, मिश्कीलपणे. तो तरुण हलला नाही. एक हात बाकावर, पात जिथे असते तिथे नाही, कडेला. दुसरा हात मागे. तसाच उभा. आजोबांनी भुवया उंचावल्या. तो उभा. आजोबा खोकले. तो उभा. नाटकाच्या शाळेत तीन वर्षं आम्हाला शांत उभं राहायला शिकवत होते. असं उभं राहिलेलं मी तिथे कोणाला पाहिलं नाही.

“किती वेळ उभा राहणार?” आत्याने हळूच विचारलं, जणू तिच्या आवाजाने खेळ मोडेल.

दुभाषीने विचारलं. उत्तर आजोबांनीच दिलं, झाकण पुन्हा हातात घेत.

“म्हणतात, मी लावेपर्यंत. तो उभा असताना मशीन कसं सुरू करणार?”

“आणि समजा, मशीन आधीच चालू आहे. हात पातीकडे चाललाय?”

यावेळी भाषांतर पूर्ण व्हायच्या आधीच आठही हात एकदम हवेत आपटले. लाल बटण. तिथे म्हातारा नाही, तरुण नाही, मान नाही, मुरवत नाही.

“हे काय विचारणं झालं, म्हणतात,” दुभाषी म्हणाली.

कॉल संपला. मी चाचरत म्हटलं, “माझ्या आवाजामुळेच…”

“गप गं. वाक्य माझं होतं. काकांना थांबवून चूक सांगा, हे मी लिहिलं. का लिहिलं माहितीये? इथे तसं चालतं म्हणून. मी इथली माणसं डोळ्यांसमोर ठेवून सात देशांना प्रश्न विचारला, आणि ती माणसं चार मिनिटं माझ्या पर्यायांत आपलं उत्तर शोधत बसली.” मग अचानक तिची मान वळली. “ए, पण निकालात पहिल्या आलेल्या कारखान्यात सगळे शंभर टक्के पास कसे झाले? त्यांना किती वेळ लागला बघ बरं.”

मी बघितलं. “अख्खा धडा चार मिनिटांत.”

“बारा मिनिटांचा धडा चार मिनिटांत?”

तिने लगेच तिथे फोन लावला. पलीकडचा शिफ्टचा मुकादम स्वतःही पास झाल्याने खूश होता. आत्याने फक्त विचारलं, “आमच्या गोष्टीतले काका कसे वाटले?”

“कोण काका?” मुकादम म्हणाला.

दुपारी आम्ही साहेबांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. साहेब वाईट माणूस नाही. बावीस वर्षांपूर्वी ते नवे इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा खोकं घडी करायला आत्यानेच शिकवलं होतं. पुठ्ठ्याने अंगठा कापला, तर “अरे ए नवीन, दाबून धर” असं म्हणून पट्टीही तिनेच बांधली होती. आता ती त्यांना साहेब म्हणते आणि ते तिला बाई.

“गोड आहे सगळं,” साहेब म्हणाले. “पण नियम काय सांगतो? बोला. तोंड उघडा. सातही कारखान्यांत एकच नियम. उद्या प्रत्येक जण म्हणेल, आमच्याकडे असं नसतं. मग मी सात नियम करू?”

“नियम जाळी लावायचा आहे ना? बोलायचा कुठे आहे?”

“बाई, प्रश्न बदलायचा नाही. परीक्षा झाली. निकाल लागला.”

“बरं,” आत्या म्हणाली. इतक्या सहज, की साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

जिन्यात मी विचारलं, “बरं? नुसतं बरं?”

“परीक्षा बदलू नका म्हणाले. सराव करू नका असं कुठे म्हणाले?”

गुरुवारी अख्खा दिवस खपून आम्ही सरावाचा एक छोटा खेळ बनवला. मार्क नाहीत, पर्याय नाहीत, संवाद तर एकही नाही. मी दिवसभर फक्त मशीनची घरघर आणि काकांचा खोकला रेकॉर्ड केला. खोकला मला सहा वेळा काढावा लागला, कारण आत्याला तो “जरा कमी नाटकी” हवा होता. पडद्यावर काका, मशीन, बाजूला पडलेली जाळी, लाल बटण आणि दूर कोपऱ्यात सुपरवायझरची खोली. कामगाराने बोटाने जे हवं ते उचलायचं, हवं तिथे न्यायचं. पहिल्या प्रसंगात मशीन बंद. दुसऱ्यात चालू, आणि काकांचा हात हळूहळू पातीकडे.

आत्याने तो खेळ दोन कारखान्यांना पाठवला. नापास झालेल्या आणि शंभर टक्केवाल्या.

शुक्रवारी दुपारपर्यंत आकडे आले. नापास कारखान्यातल्या चौसष्टपैकी त्रेसष्ट जणांनी जाळी उचलून काकांच्या हातात दिली होती. एकाने ती सरळ स्वतःच मशीनवर बसवली होती. तो एक कोण, हे आत्याला कळल्याशिवाय राहवेना. तिने दुभाषीला विचारलं. ते पांढऱ्या भुवयांचे आजोबा निघाले. त्यांच्यापेक्षा वयाने मोठं तिथे कोणीच नव्हतं, मग देणार कोणाच्या हातात? दुसऱ्या प्रसंगात चौसष्टच्या चौसष्ट जणांनी दोन सेकंदांच्या आत लाल बटण दाबलं होतं. शंभर टक्केवाल्या कारखान्यात मात्र एकोणीस जण पाच सेकंद नुसते बघत राहिले होते. पात पाच सेकंद थांबत नाही.

आत्याने हे सगळं एका कागदावर छापलं. वर ना शीर्षक, ना विनंती, ना “माननीय महोदय”.

“मी येऊ?” मी विचारलं.

“ये. पण बोलू नकोस.”

साडेचार वाजले होते. साहेबांच्या स्क्रीनवर पत्र उघडं होतं, खाली एकसष्ट नावांची यादी. आत्या आत गेली. मला वाटलं होतं आता पहिल्या दिवसासारखी जुंपणार, म्हणून मी दार लोटून घेतलं. तिने कागद दोन्ही हातांनी साहेबांसमोर धरला.

“साहेब, तुमचा कागद.”

“माझा? मी कुठे मागितला?” त्यांनी घेतला, न वाचताच बाजूला ठेवला. “बाई, आता नको. पाचला पाठवायचंय.”

आत्याने एक हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

“बसा.”

ती उभी.

“बाई, काही म्हणायचंय का?”

ती उभी. बाहेर धक्क्यावर ट्रक मागे सरकायला लागला, त्याची पीं पीं सुरू झाली, थांबली. साहेबांनी एक नाव तपासलं, पुन्हा तेच तपासलं. पेन उचललं, ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

शेवटी त्यांनी कागद ओढला. आधी वरवर वाचला. मग चष्मा काढून, पुसून, परत घालून वाचला. एकोणीसच्या आकड्यावर त्यांचं बोट थांबलं.

“हे पहिल्या कारखान्यातलं आहे?”

आत्याने मान हलवली.

“यांना तर मी मार्चमध्ये ढाल दिली!”

आत्या उभी.

साहेबांनी मोठा श्वास सोडला. मग ते पत्राकडे वळले. एकसष्ट नावं निवडली, निळी झाली, आणि गेली. त्या जागी त्यांनी दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं, “सातवा प्रश्न सदोष आढळल्याने निकाल राखून ठेवला आहे. फेरपरीक्षा दोन्ही कारखान्यांची.” पाठवायचं बटण दाबलं. पाचला सात मिनिटं कमी होती.

“झालं?”

आत्याने टेबलावरचा हात काढला. एवढा वेळ उभी राहून तिची बोटं आखडली होती. ती चोळत तिने पर्स उचलली.

आणि मग साहेबांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं, आत्याच्या हाताकडे, टेबलाच्या कडेकडे.

“बाई, एक मिनिट. त्या लोकांनी डब्याचं झाकण घेऊन जे करून दाखवलं… ते आत्ता तुम्ही माझ्यावर चालवलंत ना?”

आत्याने बाजूची खुर्ची नीट आत सरकवली.

“आणि ते नवीन आहे असंही वाटत नाही मला. तो जुना गोदामाचा आराखडा मी बदलला होता, तेव्हाही तुम्ही अशाच उभ्या होतात. आणि शिफ्टची वेळ…” साहेब खुर्चीतून अर्धे उठले. “बाई, खरं सांगा. बावीस वर्षांत हे तुम्ही माझ्यासोबत किती वेळा केलंत?”

आत्याने पर्स खांद्याला लावली, दार उघडलं आणि ती चालती झाली.